दिवाळसणाचं शेत

माझी जीभ तिखट आहे, हे बंगालातल्या आमच्या बेहाला वस्तीत कुणालाही विचारा. मासळीवाल्यापासून ट्रामच्या कंडक्टरपर्यंत सगळे सांगतील. मी इथेच जन्मले, इथेच वाढले, आणि बंगालीत भांडायला लागले की समोरचा बंगालीही गप्प बसतो. आमचे हे मात्र अगदी मवाळ. जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं, पण घरात कधी आवाज चढवला नाही. तेव्हा बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. अशी मी, आणि त्या हिवाळ्यात तोंडाला कुलूप लावून बसले. त्या कुलपापायी माझ्या पाच गाई हाटात जायची वेळ आली होती.

बांगलादेश झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीत नवी तीन मजली इमारत उठली आणि तिच्यातल्या लोकांना शेणाचा वास यायला लागला. आधी कुजबुज, मग तक्रार, मग पावसाळ्याच्या आत गुरं हलवा असा हुकूम. गाई मी काही धंदा म्हणून पाळल्या नव्हत्या. प्रतिभा तान्ही असताना तिला बाहेरचं दूध पचेना म्हणून एक आणली, तिची कालवड झाली, तिला पुढे आणखी झाल्या. आता प्रतिभाचं लग्न झालं तरी गाई होत्याच. विकून टाका म्हणणारे पुष्कळ भेटले. आटलेली गाय हाटात कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे काय मला सांगायला हवं? माझ्या दोन तर म्हाताऱ्याच होत्या. ह्यांना मी सांगून टाकलं, गाई गेल्या तर मीही जाईन. हे शांतपणे म्हणाले, कुठे? 

उत्तर श्यामसुंदर मंडलनं दिलं. ट्राम डेपोजवळ त्याचं वह्यापेन्सिलींचं दुकान. त्याची बायको टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी रोज दूध पाठवलं होतं, ते तो विसरला नव्हता. कॅनिंगच्या रेल्वे लाइनवर, सोनारपूरच्या पुढे, नदीच्या बांधाला लागून त्यांची भावाभावांची जमीन होती. खारी जमीन. पावसाळ्यात कसाबसा भात निघायचा, मग पुढचा पाऊस येईतो ओसाड. तिथे गोठा घाला बौदी, आणि तिथेच चारा पिकवा, असं श्यामसुंदर म्हणाला; बौदी म्हणजे वहिनी. पण धाकटा भाऊ हरिपद आडवा आला. त्याला तिथे भेरी करायची होती. भेरी म्हणजे बांध फोडून नदीचं खारं पाणी आत घ्यायचं आणि त्यात मासळी पाळायची. शेवटी भावाभावांत ठरलं ते असं: आपल्या गुढीपाडव्याआधीची जी अमावास्या, तिच्या मोठ्या भरतीपर्यंत बौदींनी त्या जमिनीत गुरांचं पोट भरेल असं हिरवं उभं करून दाखवावं. नाही जमलं तर त्याच भरतीला बांध फोडायचा. एकदा ते पाणी आत शिरलं की तिथे पुन्हा पेरायचं नाव नको.

आता आमचे जावई. चारुदत्तराव फलटणकडचे, कॅनॉलच्या पाण्यावर पोसलेलं घर, शेतकीचे पदवीधर. बदली होऊन इथे एस्प्लनेडला केंद्र सरकारच्या कचेरीत आले, आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रतिभा त्यांच्या आईच्या नजरेत भरली. मुलगा गुणी, निर्व्यसनी, जरा अबोल. लग्न झालं वैशाखात, तेव्हा ती त्यांची पहिली दिवाळी. दिवाळसणाला जावयाला काहीतरी द्यायचं असतं, आणि काय हवं ते त्यानं मागायचं असतं. मी ह्यांच्या मागे लागून घड्याळ आणून ठेवलं होतं. अभ्यंगस्नान झालं, ओवाळून झालं, मी विचारलं, बोला, काय देऊ? चारुदत्तराव पाटावर बसल्याबसल्या म्हणाले, "आई, मला वस्तू नको. ते खारं शेत मला करायला द्या."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असं मी मंडळातल्या प्रत्येक बाईला सांगत सुटले. जामात म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आमचा ग्रह उच्चीचा होता.

पेरणी झाली मार्गशीर्षात. मका करायचा हे त्यांनीच ठरवलं, हिरव्या चाऱ्याला त्यासारखं दुसरं नाही म्हणाले. श्यामसुंदरनं माणसं दिली. चारुदत्तरावांनी स्वतः दोरी धरून सरी-वरंबे काढून घेतले, अगदी सरळ. वरंब्याच्या माथ्यावर दाणा टोकायचा, दोन ओळींत चांगलं हातभर अंतर, दोन रोपांत वीतभर. फलटणला त्यांच्या घरी असाच मका करत. मुळाशी पाणी साचत नाही, हवा खेळते, कणीस भरतं. मी मनात म्हटलं, आपल्याला कणीस कुठे भरायचंय, गाईला पाला हवा, मग इतकं विरळ कशाला? पण बोलले नाही. जावयानं दिवाळसणाला मागून घेतलेली गोष्ट. हरिपद बांधावर बसून विडी ओढत बघत होता. तोही काही बोलला नाही, आणि ते मला आवडलं नाही.

रोपं वर आली तेव्हा आम्ही सगळे गाडीनं बघायला गेलो. कोवळी, पोपटी, ओळीत उभी. हे म्हणाले, वा. प्रतिभानं नवऱ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवलं. पुढच्या रविवारी शेंडे पिवळे दिसले. त्याच्या पुढच्या रविवारी पानांच्या कडा जळल्यासारख्या, आणि वरंब्यांच्या माथ्यावर पांढरी खरपुडी धरलेली. बोट लावून मी जिभेवर ठेवली. मीठ. नुसतं मीठ. माथ्यावरची रोपं माना टाकत होती. पेरताना काही दाणे घरंगळून वरंब्याच्या बगलेत पडले होते, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. तेवढेच तिथे दाटीवाटीनं हिरवे उभे होते. ते मला दिसत होतं. ते कुणालाही दिसलं असतं.

आणि मी काय म्हटलं? "छान आहे हो." हेही म्हणाले, छान आहे. प्रतिभा म्हणाली, अजून थंडी आहे, धरेल जोम. चारुदत्तराव मान हलवून सरीत बघत राहिले. घरी आल्यावर मी त्यांच्या पानात पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, घ्या ना हो, घ्या ना, केलं. ते अर्धी खाऊन उठले.

मी ह्यांना म्हटलं, मला बोललं पाहिजे. हे म्हणाले, दिवाळसणाला दिलेलं आपण परत मागतो का? पहिलंच वर्ष आहे, मुलगी त्या घरात नांदायची आहे, जावयाला शेतातलं कळत नाही असं सासूनं म्हटलं तर तो घरी जाऊन तिच्याशी कसा वागेल? ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मूग गिळून बसले. रात्री गोठ्यात हात फिरवताना गाई माझा पदर चाटायच्या, आणि मला वाटायचं, या मुक्या जिवांना मी कुणाच्या हाती देणार आहे? माझी आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. ती भीड आमच्या घरी मुक्कामालाच आली होती. जमीन रोज पांढरी होत चालली होती, आम्ही रोज छान आहे म्हणत होतो, आणि अमावास्या काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. हरिपदनं तर भेरीत पाणी घ्यायच्या दरवाजासाठी लाकूड आणून बांधाखाली रचून ठेवलं होतं. मला दिसेल अशा जागी.

संक्रांत आली. पहिली संक्रांत म्हणून मुलीला काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि जावयाला हलव्याचा हार. मंडळातल्या चार बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. चारुदत्तराव बिचारे गळ्यात तो पांढरा हार, हातात हलव्यानं मढवलेला नारळ असे पाटावर बसले होते. कुणीतरी हौसेनं विचारलं, तुमचं शेत काय म्हणतं हो? ते म्हणाले, ठीक आहे. आणि मी त्यांच्या तळहातावर तिळगूळ ठेवता ठेवता माझ्या तोंडाचं कुलूप तुटलं.

"काय ठीक आहे, चारुदत्तराव? तुम्हांला डोळे आहेत का नाहीत? सगळं शेत जळून चाललंय. तुम्ही ते फलटणचं कॅनॉलचं पाणी इथे धरून बसलात. माथ्यावर मीठ चढलंय, तिथेच तुम्ही दाणा घातलात, आणि तोही असा मोजून मापून विरळ, जसं काही कणसं पुण्याला पाठवायचीत. माझ्या गाई कसायाच्या दारात उभ्या आहेत आणि तुम्ही ठीक आहे म्हणता?"

 गोड बोलायच्या दिवशी मी जावयाला चार बायकांसमोर झाडलं होतं. हे बसल्या जागी पांढरे पडले. प्रतिभा कानशिलं लाल करून म्हणाली, आई, तुला हे शोभतं का? बायकांनी हळूच पदर सावरले.  संपलं, मी स्वतःला म्हटलं. गाईही गेल्या आणि मुलगीही.

चारुदत्तरावांनी नारळ खाली ठेवला. गळ्यातला हार काढला, नीट ताटात ठेवला. म्हणाले, "आई, मला हे शेंडे पिवळे पडले तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे छान आहे म्हणत होतात. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलेलं नाही. मी शेत मागून घेतलेलं, मग कोणत्या तोंडानं सांगू?"

म्हणजे बघा. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं, आणि एकमेकांना जपता जपता आम्ही इतके दिवस मिठात घातले होते. मला हसू आलं नाही. मी सरळ विचारलं, अजून काही होण्यासारखं आहे का? त्यांनी तिथेच, पाटावरून न उठता, समजावून सांगितलं. सरीत सोडलेलं पाणी वरंब्यात झिरपतं आणि वर चढतं. माथ्यावर ऊन लागतं, पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. म्हणजे माथा हे मिठाचं घर, आणि आपण नेमकं तिथे बी घातलं. आता ते बगलेत घालायचं, खाली, ओलीच्या रेषेपाशी. आणि ओळी जवळ आणायच्या, बी दाट टाकायचं. काही मरेल ते मरो, उरलेलं जमीन झाकील. जमीन झाकली की ती कमी सुकेल, कमी सुकली की मीठ कमी चढेल. मक्याचं ताट बारीक राहील, पण गाईला बारीकच बरं. हे सगळं ते भराभरा बोलले. कित्येक दिवस मनात घोकलं असणार.

मी म्हटलं, मग उद्या निघायचं. ते म्हणाले, उद्या मला कचेरी आहे. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते म्हणाले, रजा टाकतो.

खरी अडचण पाण्याची होती. पेरण्याआधी जमिनीला एकदा गोडं पाणी देऊन वरचं मीठ खाली दडपायला हवं होतं, आणि गोडं पाणी म्हणजे शेताच्या कोपऱ्यातलं पावसाचं तळं. ते निम्म्याच्या खाली गेलं होतं. चारुदत्तरावांनी काठावरून बांबू घालून खोली मापली. सगळ्या शेताला पुरणार नाही म्हणाले. अर्ध्या शेताला एकदा भरून देता येईल, आणि पुढे एखाददुसरं हलकं पाणी. दुसरी संधी नाही. यावेळी चुकलं तर चुकलं. मी म्हटलं, अर्धं करा. बाकीचं राहू दे मेलेलं.

तळ्यातून पाणी उपसायला आम्ही सगळे लागलो. मी पदर खोचला, प्रतिभानं तर माझ्याशी अबोला धरूनच बादल्या ओढल्या. हे छत्री घेऊन उभे होते, तेही शेवटी छत्री मिटून आले. पाणी जिरलं तसं चारुदत्तरावांनी स्वतः वाकून वरंब्याच्या दोन्ही बगलांना बी टाकलं, वर भाताचा पेंढा पसरला. हरिपद बांधावरून ओरडून म्हणाला की हे तळं संपलं की आमची म्हैस काय पिणार? त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. दर रविवारी गाडीतून उतरून मी सरळ वरंब्याशी जायची. आधी काहीच दिसेना. मग पेंढ्यातून टोकं दिसली. पोपटी. मी आनंदाचं अक्षर काढलं नाही, मागच्या वेळीही पोपटीच होती. मी फक्त बगलेत बोट घालून चाखायची. खारट लागायचं, पण जीभ आक्रसायची नाही. चार-पाच रविवार गेले, रोपं गुडघ्याला आली आणि शेंडा हिरवाच. मी चारुदत्तरावांना म्हटलं, कडेची ओळ पिवळट दिसते. ते म्हणाले, हो, तिथे पाणी कमी पोचलंय, तिथलं जाईल. आम्ही आता असं बोलायला लागलो होतो. चांगलं ते चांगलं आणि वाईट ते वाईट. फाल्गुन सरता सरता त्या अर्ध्या शेतात मका कमरेच्या वर गेला, इतका दाट की आत हात घातला तर कोपर दिसेना. आणि शेजारच्या अर्ध्यात पांढरे वरंबे, वर वाळलेल्या काड्या.

अमावास्या आली. भरती दुपारची होती. आम्ही सकाळीच पोचलो, तर बांधावर हरिपदची माणसं कुदळी घेऊन बसलेली. श्यामसुंदर मध्ये उभा, तोंड उतरलेलं. मी मक्याकडे हात करून म्हटलं, बघ, ठरल्याप्रमाणे हिरवं उभं आहे. हरिपद शांतपणे म्हणाला, बौदी, मीही तेच बघतोय. अर्ध्यात हिरवं, अर्ध्यात मीठ. जमीन तर एकच. हिरवं आलं ते आमच्या तळ्याच्या पाण्यावर, आणि ते तळं आता कोरडं. पुढच्या वर्षी काय घालाल? ही जमीन पीक कसं खाते ते बघा, असं म्हणून त्यानं पांढऱ्या वरंब्यावर लाथ मारली. भावाला असा तोट्यात जाऊ देणार नाही म्हणाला. श्यामसुंदर खाली बघायला लागला. तो मोडत होता, हे मला कळलं.

चारुदत्तराव मला म्हणाले, आई, त्यांना माझं सांगा. चारुदत्तरावांना बंगाली येत नव्हतं, आणि हरिपदला हिंदी समजत असूनही तो ऐकून घेत नसे. तेव्हा बोलणार ते आणि सांगणार मी.

"सांगा, की तो अर्धा भाग जमिनीनं खाल्लेला नाही. तो मी घालवला. मी दाणा चुकीच्या जागी टाकला आणि चुकीच्या अंतरावर टाकला. तळ्याचं पाणी तेव्हाही होतं, तेव्हा तर जास्त होतं."

माझी जीभ अडली. हो, माझी. भोवती गावची माणसं जमलेली, कुदळीवाले, हरिपदच्या घरच्या बायका. सगळे त्यांना साहेब म्हणत. मी त्यांना घरात झाडलं ते वेगळं, पण दहा लोकांत माझ्या तोंडानं माझ्या जावयाला अडाणी ठरवू? माझ्या मनात आलं, सांगावं की ती पहिली पेरणी माझी, म्हातारीची अक्कल. मी तोंड उघडलंही. पण मग हरिपद म्हणणार की बाईनं एकदा घालवलं, साहेबानं एकदा पिकवलं, साहेबाची उद्या बदली झाली की संपलं. चारुदत्तराव माझ्याकडे बघत होते. मी काय करणार ते त्यांना कळलं असावं. म्हणाले, "आई, जसंच्या तसं सांगा."

मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या चुकीचा एक शब्द कमी केला नाही. मग त्यांनी हरिपदला हाताला धरून शेतात नेलं आणि दाखवलं, माथा आणि बगल, विरळ आणि दाट, आणि प्रत्येक वाक्य मी मागे मागे बंगालीत करत गेले. इतकं दाट बगलेत पेरलं तर थोड्या पाण्यात भागतं, पावसाळ्यात तळं पुन्हा भरेल, आणि यंदा वाया गेलं तेवढं पाणी पुढच्या वर्षी वाया जाणार नाही. हरिपदनं दाटीत हात घालून बुडाची माती उचलली, चाखली. मग मेलेल्या वरंब्यावरची चाखली आणि थुंकला. तो मूर्ख नव्हता.

बांधापलीकडे पाणी चढत होतं, त्याचा आवाज येत होता. कुदळीवाल्यांतला एक जण उभा राहिला. हरिपद माझ्याकडे न बघता चारुदत्तरावांकडे बघून म्हणाला, साहेब, आपण एवढे शिकलेले. एकदा चुकलात. पुढच्या वर्षी चुकणार नाही कशावरून?

मी ते मराठीत सांगितलं. चारुदत्तराव म्हणाले,

"त्यांना सांगा, तेव्हा मला रागावणारं कुणी नव्हतं. आता आई आहेत."

प्रतिभा माझ्या शेजारी उभी होती. संक्रांतीपासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. तिनं माझा हात धरला. मी पदर डोळ्यांना लावला, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले. ती हळूच म्हणाली, मी सांगू का आई? मी नको म्हटलं. डोळे पुसले आणि हरिपदला तेवढी दोन वाक्यं सांगितली, न बदलता.

 हरिपद श्यामसुंदरकडे वळून म्हणाला, दादा, या बाईच्या तोंडाचा मलाही अनुभव आहे. आणि कुदळीवाल्यांना त्यानं घरी जाऊन जेवून घ्यायला सांगितलं. दुपारची भरती आली, बांधाला लागली आणि परत गेली.